आजारी पडला म्हणून कामावरून काढता येते काय?

गेल्या सुगीच्या दिवसांत खानापूर तालुक्यातील एका गावचा पंचविशीतला तरुण बेळगावच्या एका ओतकाम कारखान्यातून घरी परतला. दीड महिना खोकला हटेना, संध्याकाळी ताप चढे, अंग निम्मे झालेले. दवाखान्यात थुंकी तपासली तेव्हा क्षयरोग निघाला. ही बातमी कारखान्यात कळताच मुकादमाने एक छापील कागद पुढे केला आणि म्हणाला, "इथं सही कर आणि घरी जाऊन बरा हो, मग बघू." तो कागद राजीनाम्याचा होता. पोराने न वाचता सही केली.

त्याचे वडील आमच्याकडे आले ते दोन महिन्यांनी, आणि तेही पथ्यपाण्याविषयी विचारायला. नोकरी नशिबाने गेली असे त्यांनी धरलेच होते. आम्ही पोराच्या पगाराची चिठ्ठी मागविली. पगार चौदा हजार आणि त्यातून दरमहा १०५ रुपये कापलेले. हे कशाचे, असे विचारता बापलेक दोघेही गप्प. तीन वर्षे हे पैसे कापले जात होते आणि ते कशासाठी हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून या वेळी पिकांवरील रोगांचा विषय बाजूला ठेवून आम्ही हा विषय घेतला आहे. आपल्या बहुतेक घरांतून एक तरी मुलगा किंवा मुलगी आता शेतीबाहेर कामाला आहे.

ते १०५ रुपये म्हणजे कामगार राज्य विम्याची, आपण ज्याला ई.एस.आय. म्हणतो त्याची वर्गणी. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या कारखान्यात, दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या कामगाराला हा विमा असतो. अपंग कामगारासाठी ही मर्यादा २५,००० रुपये आहे. कामगाराच्या पगारातून शेकडा पाऊण रुपया कापला जातो आणि मालक आपल्या पदरचे शेकडा सव्वातीन रुपये भरतो. म्हणजे या पोराच्या नावावर मालकाकडून दरमहा ४५५ रुपये जात होते. हे दान नव्हे, धर्मादायही नव्हे.

त्याच्या बदल्यात मिळते काय? औषधपाणी तर मिळतेच. शिवाय आजारपणात पगाराच्या शेकडा ७० या दराने वर्षात ९१ दिवसांपर्यंत आजारभत्ता मिळतो. मात्र त्याआधीच्या ठरीव सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. क्षय, कुष्ठरोग, कर्करोग, पक्षाघात अशा लांबणाऱ्या ३४ रोगांसाठी याहून मोठी सोय आहे. दोन वर्षांची नोकरी आणि शेवटच्या चार सहामाह्यांत मिळून १५६ दिवसांची वर्गणी असली, तर ९१ दिवस संपल्यावर शेकडा ८० या दराने वाढीव भत्ता सुरू होतो आणि गरज पडल्यास तो दोन वर्षांपर्यंत चालू राहू शकतो. या पोराच्या बाबतीत तो महिना ११,२०० रुपये झाला असता. आजारभत्ता घेत असलेल्या कामगाराला त्या काळात आजाराच्या कारणावरून काढून टाकणे किंवा शिक्षा करणे कायद्याने मना आहे. म्हणूनच मुकादमाने काढून टाकल्याचा कागद दिला नाही, राजीनामा लिहून घेतला. हा फरक नीट ध्यानात घ्यावा. स्वतःहून सोडलेल्या नोकरीला कायदा फारसा राखू शकत नाही.

क्षयरोगाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. औषधे नियमित सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत बहुतेक रोग्यांपासून लागण होण्याचे भय राहत नाही. सरकारी दवाखान्यातून औषध फुकट मिळते आणि पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये बँकेत जमा होतात. म्हणजे हा रोग नोकरी कायमची घालविण्याजोगा मुळीच नाही.

येथे ओतकामाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण बेळगावच्या उद्यमबागेत आपल्या भागातील पुष्कळ पोरे याच कामाला आहेत. ओतकामाच्या साच्याची वाळू, दगडखाण, खडी फोडणे, या सर्व कामांत वाळूची अतिबारीक धूळ छातीत जाते. तिने फुप्फुसे हळूहळू दगडासारखी होतात. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. खोकला, धाप, वजन उतरणे ही लक्षणे क्षयासारखीच असल्यामुळे पुष्कळदा क्षय समजूनच औषध दिले जाते, आणि धुळीने खराब झालेल्या छातीत खरोखरचा क्षयही लवकर शिरतो. तेव्हा अशा कामगाराने डॉक्टरांना आपला धंदा आठवणीने सांगावा आणि छातीचा फोटो काढून घ्यावा. सिलिकोसिस हा कायद्याने धंद्यातून होणारा रोग मानला आहे. तो ठरला तर साध्या आजाराचा भत्ता मिळत नाही. कामावर झालेल्या इजेप्रमाणे भरपाई मिळते, आणि विमा असल्यास तात्पुरत्या असमर्थतेचा भत्ता शेकडा ९० पर्यंत जातो. "काय काम करतोस?" हा एक प्रश्न विचारला न गेल्याने किती घरांचे नुकसान झाले असेल कोण जाणे.

सरकारी नोकरीत, किंवा बस महामंडळासारख्या सरकारी संस्थेत असणाऱ्यांचा हक्क अधिक पक्का आहे. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात तो प्रथम आला आणि त्याच्या जागी आलेल्या २०१६ च्या कायद्यात तो कायम राहिला. नोकरीत असताना कोणी अपंग झाला तर त्याला काढता येत नाही आणि त्याचा दर्जाही कमी करता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते. तशी जागा रिकामी नसल्यास ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा जागा निर्माण करून त्याला ठेवावे लागते.

कुणाल सिंग नावाच्या एका शिपायाचा पाय कामावरील दुखापतीमुळे कापावा लागला व त्याला नोकरीतून काढण्यात आले. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरविले. हैदराबादकडचे उदाहरण तर अगदी अलीकडचे आहे. बस महामंडळाचा एक चालक रंगांधळा ठरला आणि जानेवारी २०१६ मध्ये त्याला घरी बसविण्यात आले. गाडी चालविता येत नाही, दुसरे काम द्या, एवढेच त्याचे मागणे होते. १ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला योग्य जागी त्याच पगारश्रेणीवर घेण्याचा आणि थकलेल्या पगाराचा चौथा हिस्सा देण्याचा हुकूम केला. महामंडळ आणि कामगार यांच्यात १९७९ साली झालेल्या करारात रंगांधळ्या चालकाला दुसरे काम देण्याचे कलम होते, ते या माणसाच्या कामी आले. आपल्या कारखान्यातही असा एखादा करार असेल. तो युनियनच्या कपाटात पडून असतो, मागून वाचावा.

२०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. आधी सातच होते. सिकलसेल, थॅलेसीमिया, हिमोफिलिया, कंपवात, मनाचे आजार आणि बरा झालेला कुष्ठरोग हे आता त्यात येतात. निव्वळ मधुमेह, रक्तदाब, क्षय मात्र येत नाहीत. खाजगी मालकावर सरकारइतके कडक बंधन नाही, हेही खरे सांगितले पाहिजे. त्याला अपंगांना समान संधी देण्याचे धोरण लिहून जाहीर करावे लागते, पण "काढता येणार नाही" हे वर सांगितलेले कलम त्याला लागू नाही. कायद्याचा हा दुबळेपणा आम्हांस मान्य नाही, परंतु वाचकांना खोटी आशा दाखविणेही बरे नव्हे.

तरीही खाजगी कामगाराने दोन गोष्टी सोडू नयेत. ग्रॅच्युइटीसाठी एरवी पाच वर्षांची नोकरी लागते, पण अपंगत्वामुळे नोकरी संपली तर पाच वर्षांची अट नाही. आणि भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत कायमचा पूर्ण असमर्थ झालेल्या सभासदाला दहा वर्षे भरलेली नसली तरी पेन्शन मिळते. एच.आय.व्ही.च्या बाबतीत तर सरकारी-खाजगी हा भेदच नाही. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका रोजंदारी कामगाराच्या खटल्यात सांगितले की, काम करण्यास समर्थ असलेल्या माणसाला केवळ ही लागण आहे म्हणून नोकरी नाकारता येत नाही. २०१७ च्या कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, नोकरीसाठी ही तपासणी सक्तीची करणेही बंद केले.

आता आपल्याकडे वळू. आतापर्यंत आपण मालकांची चूक काढली. पण सुगीत चार गडी लावणारा आपणही मालकच असतो. ट्रॅक्टर, वीज किंवा अन्य यंत्रशक्तीने चालणाऱ्या शेतीकामातील मजूर नुकसानभरपाईच्या कायद्यात येतो, आणि मळणीयंत्रावर पेंढी लावणारा त्यातच मोडतो. हा १९२३ चा कायदा आणि १९४८ चा विम्याचा कायदा हे दोन्ही आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतले आहेत. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. रोजंदारीचा, चार दिवसांपुरता गडी असला तरी जबाबदारी चुकत नाही.

हिशेब कसा होतो पाहा. तीस वर्षांचा मजूर, महिन्याची मजुरी १०,००० रुपये. कायमचा पूर्ण निकामी झाला तर मजुरीचे शेकडा ६० म्हणजे ६,००० गुणिले त्या वयाचा ठरलेला आकडा २०७.९८, म्हणजे १२,४७,८८० रुपये. एक पंजा गेला तर कायदा कमाईची ताकद शेकडा ६० ने कमी झाली असे धरतो. भरपाई ७,४८,७२८ रुपये. नुसता अंगठा गेला तर शेकडा ३०, म्हणजे ३,७४,३६४ रुपये. हात बरा होणार असेल पण काम बंद असेल तर दर पंधरवड्याला मजुरीचा चौथा हिस्सा, येथे २,५०० रुपये. दवाखान्यात नेले, पाच हजार हातावर ठेवले आणि वर एक पोते जोंधळे दिले, एवढ्याने हे फिटत नाही.

ही रक्कम आपल्यापैकी कितीजण देऊ शकतील? जमीन विकावी लागेल. म्हणून सुगीआधी विमा कंपनीत जाऊन मजुरांच्या भरपाईची पॉलिसी घ्यावी. यंत्र भाड्याने आणले असेल तर मजूर कोणाचे आणि विमा कोणाचा हे आधीच लिहून घ्यावे. यंत्राच्या तोंडाची पत्र्याची पन्हळ लांब व वरून झाकलेली असावी. अडकलेली पेंढी यंत्र बंद करूनच काढावी. सैल पदर, हातातले कडे, रात्रीचा जागर आणि दारू यांपैकी एक जरी असले तरी त्या माणसाला तोंडाशी उभे करू नये.

कागदांविषयी थोडेसे. पगाराची चिठ्ठी, हजेरी, विम्याचा क्रमांक, डॉक्टरचे प्रत्येक प्रमाणपत्र यांच्या नकला घरी पेटीत ठेवाव्यात. रजेचा अर्ज लेखी द्यावा व दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. अपंगत्वाचे प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयातून मिळते. शेकडा ४० किंवा अधिक ठरले तर सरकारी नोकरीतील ४ टक्के राखीव जागांचा फायदा घेता येतो. वकिलाची फी परवडत नाही म्हणून मागे राहू नये. अपंग व्यक्ती, स्त्रिया आणि कारखान्यातील कामगार यांना उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यावा.

त्या तरुणाच्या बाबतीत आम्ही त्याच्या वडिलांबरोबर विमा कार्यालयात गेलो. दवाखान्याचे क्षयाचे कार्ड आणि पगाराच्या चिठ्ठ्या दाखविल्या, चार खेपा घातल्या, आणि मागील भत्ता मंजूर झाला. कारखान्याने मात्र राजीनाम्याचा कागद दाखवून त्याला परत घेतले नाही. त्यावर विधी सेवा समितीमार्फत अर्ज दिला आहे. पोराचा सहा महिन्यांचा औषधोपचार पुरा झाला असून वजन नऊ किलोने वाढले आहे. सध्या तो घरच्या उसाला पाणी पाजतो.