पाय पिवळे कशाने?

प्रश्न : एकाच खुराड्यातल्या, एकच खाणं खाणाऱ्या आमच्या गावठी कोंबड्यांपैकी काहींचे पाय पिवळेधमक, तर काहींचे पांढुरके. असं का?

उत्तर : पिवळेपणा येतो तो मका, हिरवा पाला यांतल्या कॅरोटिनॉइडमधूनच. पण तो कातडीत साठेल की नाही, हे 'बीसीडीओ२' हे जनुक ठरवतं. त्याचं विकर कॅरोटिनॉइड तोडतं. पिवळ्या कोंबडीच्या कातडीत ते मंदावलेलं असतं. हा गुण अप्रभावी असल्याने आई-बाप दोघांकडून यावा लागतो.

गंमत पुढेच आहे. डार्विनने कोंबडीचा पूर्वज एकच मानला होता, लाल रानकोंबडा. २००८ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या लेफ अँडरसन यांच्या गटाने दाखवलं, की पिवळ्या कातडीचं जनुकरूप बहुधा राखी रानकोंबड्याकडून संकराने आलं. हा म्हणजे आपल्या सह्याद्रीत आरवणारा! व्हाइट लेगहॉर्नच्या पिवळ्या पायांतही तेच रूप आहे.

तेव्हा जन्मजात पांढऱ्या पायांवर औषध शोधू नका. पिवळे पाय मात्र अंड्यावर आल्यावर फिकटतात, कारण रंग बलकात जातो. तोही आजार नव्हे.