बर्फावरचे शाही जेवण आणि अंबडचे कारखाने

पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरण्याचा खेळ, म्हणजे स्कीइंग, हा श्रीमंतांचा षौक आहे. त्यासाठी डोंगरावर जी आलिशान हॉटेले उभी राहतात, तिथे एका वेळच्या जेवणाचे जे बिल होते त्यात आपल्याकडच्या एखाद्या कारागिराचा महिना निघेल. मग अशा विषयाला या पानावर जागा कशाला, असे वाचक विचारतील. कारण सरळ आहे. त्या जेवणात पैसा खाणाऱ्याचा असतो, पण ते गरम ताट टेबलापर्यंत पोचते ते पत्रा, तांबे, कथील आणि आर्गन वेल्डिंगच्या जोरावर. आणि ही कामे करणारे हात अंबड-सातपूरच्या वसाहतींत आणि जुन्या नाशकात पुष्कळ आहेत.

हा धंदा जुना आहे. स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ गावात १८६४ साली योहानेस बाद्रुट नावाच्या हॉटेलवाल्याने उन्हाळ्यात येणाऱ्या इंग्रज गिऱ्हाइकांना हिवाळ्यातही या म्हणून पैजेवर बोलावले आणि हिवाळी पर्यटनाची सुरुवात झाली, असे सांगतात. पुढे त्याच गावावरच्या कोर्विलिया डोंगरावर, २,४८६ मीटर उंचीवर, मॅथिस कुटुंबाच्या ला मार्मीत या भोजनगृहाने स्की करून आलेल्यांना महागडे पदार्थ वाढून नाव कमावले. फ्रान्समधील कूर्शव्हेल येथे ‘ल १९४७’ नावाचे भोजनगृह आहे. टेबले पाचच, पण २०१७ साली त्याला मिशेलिनचे तीन तारे मिळाले. त्या देशात स्वयंपाकाचा यापेक्षा मोठा मान नाही. दुबईने तर २००५ मध्ये वाळवंटातल्या मॉलमध्येच बर्फाचा डोंगर केला. आपल्या देशात या धंद्याचे खरे ठिकाण म्हणजे गुलमर्ग. तेथील गंडोला म्हणजे रोप-वेचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. २०१२ च्या डिसेंबरात ८,८२५ फुटांवर खैबर हे आलिशान हॉटेल उघडले.

या हॉटेलांच्या बिलात दारूचा वाटा मोठा असतो. त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. हलाल मटणाचा पुरवठा हाही वेगळा धंदा आहे, त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल. आज आपण फक्त भट्टी, भांडे आणि पत्रा यांचे बोलू.

पहिली गोष्ट समजून घ्यायची ती उंचीची. समुद्रसपाटीपासून साधारण प्रत्येक ३०० मीटर वर गेले की पाणी एक अंश कमी तापमानाला उकळते. नाशिक सुमारे ६०० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. गुलमर्गला ते ९१ अंशांनाच उकळू लागते. म्हणजे भांडे खदखदताना दिसते, पण आतले पाणी आपल्याकडच्यापेक्षा सात अंशांनी थंड असते. तांदूळ, राजमा, मटण शिजायला वेळ लागतो तो यामुळे. म्हणून डोंगरावरच्या स्वयंपाकघराला दाबाखाली शिजवणारी मोठी भांडी लागतात, किंवा वाझवान रांधणारे काश्मिरी वाझा करतात तशी तासन्‌तास चालणारी लाकडाची मंद आच लागते.

दुसरी गोष्ट गॅसची. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असे दोन वायू मिसळलेले असतात. त्यातला ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास द्रवाचा वायू व्हायला तयार होत नाही. बाहेर ठेवलेले सिलिंडर अर्धे भरलेले असूनही शेगडी मंदावते ती यामुळे. त्यात वरची हवा विरळ, बर्नरला प्राणवायू कमी मिळतो, ज्योत पिवळी पडते, भांडे काळे होते. नाशिकला सुरेख चाललेली शेगडी तशीच तिकडे पाठवली तर तक्रार येणारच. जेट बदलून द्यावे लागते, हवेची झडप मोठी ठेवावी लागते. जो कारखानदार ऑर्डर घेतानाच ‘आपले स्वयंपाकघर किती उंचीवर आहे?’ असे विचारतो, त्याच्याकडे खरेदी अधिकारी वेगळ्या नजरेने पाहतो.

तिसरी गोष्ट ताटाची. बाहेर उणे दहा अंश आहे, पाहुणा बर्फातून आत आला आहे, आणि थंड चिनी मातीच्या ताटात वाढलेला रस्सा दोन मिनिटांत गोठू लागला, तर त्या आचाऱ्याची सगळी कला पाण्यात गेली. म्हणून अशा ठिकाणी ताटे आधी गरम कपाटात ठेवतात. तयार अन्न ६० अंशांच्या वर राखायचे, नाहीतर जंतूंची वाढ होते. दुहेरी भिंतीचे कपाट, मध्ये काचलोकर किंवा पफ, खाली हीटर, थर्मोस्टॅट आणि सरकती दारे, एवढाच त्याचा कारभार. हे काम अंबडमध्ये होण्यासारखे आहे. लेझर कटिंग, बेंडिंग, आर्गन वेल्डिंग, बफिंग, सर्व काही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर मिळते. मोटारीचे सुटे भाग आणि विजेची पॅनेल करणाऱ्या शेडला हे काम जड नाही.

मात्र हॉटेलचे काम आणि पॅनेलचे काम यात एक फरक आहे, तो नीट ध्यानात घ्यावा. पॅनेलच्या आत कोपरा कसा आहे ते कोणी पाहत नाही. स्वयंपाकघराच्या सामानात आतला कोपरा गोल हवा, वेल्डिंग घासून एकजीव केलेले हवे, फट राहता कामा नये. फटीत अन्न अडकते, सडते, आणि तपासणीला आलेला माणूस पहिल्यांदा तिथेच बोट घालतो.

पत्र्याच्या बाबतीत तर इमानदारीची रोज परीक्षा असते. अन्नासाठी ३०४ जातीचे स्टील मागतात. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. बाजारात २०२ जातीचा पत्रा स्वस्त मिळतो. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असते. चमक सारखीच. लोहचुंबक दोन्हींना चिकटत नाही, त्यामुळे चुंबक लावून ३०४ ओळखता येते हा समज चुकीचा आहे. बाजारात द्रावणाची छोटी बाटली मिळते, थेंब टाकून मँगनीज कळते. ती प्रत्येक शेडमध्ये असावी. मिठाचे पाणी आणि दमट हवा लागली की २०२ ला डाग धरतो. मग गुलमर्गहून फोन येतो आणि जाण्यायेण्याच्या भाड्यातच नफा संपतो. हिशेबासाठी सांगतो, आठ बाय चार फुटांचा १.२ मिलिमीटरचा पत्रा साधारण २८ किलो भरतो. भाव किलोवर ठरतो, म्हणून कोटेशन देताना वजन काढून द्यावे, अंदाजाने नको.

आता मापाचे. हॉटेलच्या स्वयंपाकघरात पातेली-परातींची मापे मनाला येतील तशी नसतात. १९६४ साली स्वित्झर्लंडमध्ये गॅस्ट्रोनॉर्म नावाची मापे ठरली आणि ती जगभर चालतात. पूर्ण ट्रे ५३० बाय ३२५ मिलिमीटर. अर्धा ३२५ बाय २६५. तिसरा हिस्सा ३२५ बाय १७६. खोली ६५, १००, १५० अशी ठरलेली. झुरिकचा ट्रे अंबडच्या काउंटरमध्ये बसला पाहिजे आणि अंबडच्या गाडीवर गुलमर्गचा ट्रे सरकला पाहिजे. काउंटरचे भोक पाच मिलिमीटर मोठे झाले तर ट्रे आत पडतो, लहान झाले तर बसत नाही. आमचे मत असे की लहान कारखान्याने हे ट्रे स्वतः करू नयेत. ते मोठ्या प्रेसवर हजारांनी निघतात, आपल्याला तो भाव परवडणार नाही. आपण ट्रेभोवतीचे सामान करावे: काउंटर, गाड्या, मांडण्या, गरम पाण्यावर अन्न ठेवण्याची बेन-मारी, गरम कपाटे. प्रत्येक हॉटेलची जागा वेगळी, म्हणून हे सामान मापाप्रमाणेच करावे लागते, आणि मापाप्रमाणे काम हीच लहान शेडची ताकद आहे.

तांब्याचे काय, असे आमचे तांबट आणि कल्हईवाले बंधू विचारतील. काश्मिरी वाझवान तांब्याच्या त्रामीत वाढतात. झाकलेले मोठे ताट असते, चौघे मिळून त्यात जेवतात. जेवणाआधी तांब्याच्या तश्त-नारीने हात धुतात. पण ती भांडी नाशकातून तिकडे विकायला नेण्याचा विचार करू नये. तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचे कारागीर आहेत, आणि त्यांचे हुनर टिकावे म्हणून ठरावीक तांब्याची भांडी यंत्रावर करण्यास बंदी घालणारा कायदाही तिथे २००६ साली झाला. दुसऱ्याच्या रोजीवर जाऊन आपली रोजी होत नाही.

कल्हईला मात्र आपल्या दारातच काम आहे. तांबे अन्नाच्या आंबटाला लागू नये म्हणून आतून कथलाचा थर हवा. २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांनीही नीट कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे अन्नासाठी अयोग्य ठरवले. घराघरातून स्टील आले आणि कल्हईवाल्याची हाक बंद झाली, हे खरे. पण मोठ्या हॉटेलांनी तांब्याच्या हंड्या आणि देगा पुन्हा काढल्या आहेत, आणि वापरातली कल्हई घासून जातच असते. कथील २३२ अंशांना वितळते. भांडे तापवून, नवसागर टाकून, कापसाने फिरवायची ती जुनीच रीत. अट एकच, कथील शुद्ध हवे. स्वस्तासाठी शिसे मिसळलेले कथील वापरणे म्हणजे खाणाऱ्याला विष देणे आहे. कथील घेतल्याचे पक्के बिल आणि जमल्यास प्रयोगशाळेचा दाखला जवळ ठेवला तर हॉटेलशी वर्षाचा ठराव करता येतो: दर तिमाहीला इतकी भांडी, इतका दर. अंबडमध्येच मुंबई-आग्रा रस्त्यालगत ताज समूहाने ताज रेसिडेन्सी काढले, पुढे त्याला गेटवे हे नाव मिळाले. अशा जवळच्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरापासून सुरुवात करावी. तिथे केलेले काम हाच गुलमर्गसाठी दाखला ठरतो.

सर्वांत मोठा धोका उधारीचा. बर्फाच्या हॉटेलाची कमाई डिसेंबर ते मार्च. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गला बहुतेक दिवस बर्फच पडला नाही, टेकड्या तपकिरी राहिल्या. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर काश्मीरमधील बुकिंगे धडाधड रद्द झाली. अशा वेळी हॉटेल पहिल्यांदा कोणाचे पैसे थांबवते? लांबच्या, लहान पुरवठादाराचे. समजा दोन लाखांचा माल दिला आणि पैसे चार महिने अडकले, तर तेवढ्या भांडवलावरचे दोन-तीन फेरे गेले. म्हणून निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली माल निघण्यापूर्वी, ही अट लेखी असावी.

सोबत उद्यम नोंदणी करून घ्यावी. ती मोफत आहे, एजंटाला पैसे देऊ नयेत. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. २०२३ च्या अर्थसंकल्पातून अशीही तरतूद आली की मुदतीत पैसे न दिल्यास ते देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च प्राप्तिकरात वजा मिळत नाही. हॉटेलचा हिशेबनीस या एका गोष्टीला बिचकतो, म्हणून बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापावा. कायदा उशिराबद्दल व्याजही देववतो. ते घ्यायचे की नाही हा ज्याच्या त्याच्या ईमानाचा प्रश्न आहे, मुद्दल मागण्याला कोणतीच आडकाठी नाही. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही, ते माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे.

ऑर्डर बहुधा हॉटेलकडून थेट येत नाही. मुंबई-दिल्लीचे स्वयंपाकघर सल्लागार आणि ठेकेदार नकाशा काढतात आणि तेच पुरवठादार ठरवतात. दिल्लीत साधारण मार्चमध्ये भरणारे ‘आहार’ प्रदर्शन एकदा पाहून यावे. चार-पाच जणांनी मिळून गेल्यास खर्च वाटला जातो. अंबडच्या आयमा आणि नाशिकच्या निमा या संघटनांकडेही चौकशी करावी. माल ऑक्टोबरअखेर वर पोचला पाहिजे, कारण पुढे टनमर्ग ते गुलमर्ग हा १३ किलोमीटरचा घाट बर्फाने अडतो आणि गाड्यांना साखळ्या लागतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिली मालगाडी अनंतनागला पोचली, तेव्हा रेल्वेच्या भाड्याचीही चौकशी करून मग ट्रक ठरवावा. काउंटर तुकड्यांत, बोल्टने जोडता येईल असे करावे, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालावा, आणि जास्तीचे बोल्ट, एक हीटर व एक थर्मोस्टॅट त्याच पेटीत टाकावेत.