पुस्तकं घेऊन गाडीने हिंडताना

माझी नवी कादंबरी डिकीत भरून आम्ही दोघं बडोद्यातल्या वासण्याहून निघालो. सापुताऱ्याचा घाट चढून नाशिक, मग पुणे, भिलार, कोल्हापूर, बेळगाव, पणजी. पुस्तकाचं दुकान किंवा वाचनालय दिसलं की थांबायचं, एवढंच ठरलं होतं. त्यातून मनात राहिलेलं हे.

१. ज्या कल्पनेने मी नाशिकला हरखले, ती आमच्या बडोद्यात शंभर वर्षांपूर्वी रुजली होती. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम २००९ पासून चालू आहे. शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते, वाचून झाली की पुढच्या गटाकडे. ती पेटी पाहताना मला मांडवीतलं सेंट्रल लायब्ररीचं काचेच्या फरशांचं दालन आठवलं. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण शाळा सुटल्यावर हाती पुस्तक आलं नाही, तर शिकलेली अक्षरं पुसली जाणार हेही ओळखलं. म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावलं, आणि लाकडी पेट्यांतून पुस्तकं खेडोपाडी जाऊ लागली. वाचक येईल म्हणून थांबायचं नाही, आपण निघायचं. एका राजाने हे राज्यकारभाराचं काम मानलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

२. पुस्तक विकणारा वाचकाला लेखकापेक्षा जवळून ओळखतो. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात एका दुकानदारांना मी कादंबरीचा विषय सांगू लागले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “ताई, ही मी कुणाच्या हातात देऊ?” समोर स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मागणाऱ्या मुलांची रांग होती. माणूस दारात उभा राहिला की याला काय लागेल, हे ते रोज ठरवत असतात. त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे.

३. वाचनालयांचं वय बघून हात जोडावेसे वाटतात. पणजीचं १८३२ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. राज्यं गेली, सरकारं बदलली, वर्गणी भरणारे येतच राहिले. वाटेतल्या एका छोट्या वाचनालयात, हाताळून खिळखिळी झालेली कादंबरी पुन्हा पुठ्ठा घालून बांधलेली पाहिली. शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीत तारखांना जागा उरली नव्हती. कुठल्याही पुरस्कारापेक्षा मला ती चिठ्ठी मोठी वाटली.

४. पुस्तकांशेजारी राहायला लागलं की घरं बदलतात. भिलार ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं, सुरुवातीला पंचवीस ठिकाणी. लोक येतात स्ट्रॉबेरीच्या ओढीने, बसतात कुणाच्या तरी घरात वाचत. विकत काही घ्यावं लागत नाही. मला हे दुकानापेक्षा जास्त आवडलं.

५. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला दुसरा लगेच ओळखतो. बेळगावात १९४६ च्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला; बडोद्यात १९०९ पासून २०१८ पर्यंत चार संमेलनं झाली. बेळगावातल्या एका पुस्तकांच्या दुकानातल्या बाईंशी याच गप्पा रंगल्या होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, “नातवंडं मराठी वाचतात का?” बोलतात, म्हटलं; वाचतात गुजराती आणि इंग्रजी. त्या उठल्या, मोठ्या टायपातली गोष्टींची दोन पुस्तकं काढली, रीतसर बिल केलं आणि म्हणाल्या, “आधी तुम्ही मोठ्याने वाचा. मग एक पान त्यांना वाचू द्या.”