कळ बोटात, जाणीव मेंदूत



ऊस तोडताना कोयता लागला की कळ बोटात आली असे आपण म्हणतो. खरे म्हणजे बोटातून फक्त वर्दी निघते. ती मज्जारज्जूतून मेंदूत पोचली, की मग "आई गं!"

अफूपासून निघणारे मॉर्फिन ही वर्दी वाटेतच दाबते. मज्जारज्जूत आणि मेंदूत त्याच्यासाठी जणू कुलुपेच आहेत. ती १९७३ साली सापडली. आता अफूचे कुलूप आपल्या अंगात कशाला? उत्तर १९७५ साली स्कॉटलंडमध्ये ह्यूज व कॉस्टरलिट्झ यांनी दिले : मेंदू स्वतःच तशी किल्ली घडवतो. म्हणून तर झटापटीत लागलेले कधी कधी घरी आल्यावर दुखते.

औषधाने कळ घटते, शिवाय तिचा जाच जातो. रोगी म्हणतो, "दुखतंय, पण त्याचं काही वाटत नाही."

मूळ दुखणे मात्र जागेवरच असते. रोज घेतल्यास मेंदू सरावतो, तीच मात्रा पुरत नाही. काहींना तर उलट जास्त दुखू लागते. एकदम थांबवली तर अंग मोडून येते, जुलाब होतात. मात्रा जादा झाली, त्यात दारू असली, तर श्वासच मंदावतो आणि माणूस झोपेतच जातो. ट्रॅमाडॉल याच जातीची. २०१८ पासून ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. तेव्हा कंबर धरली म्हणून शेजाऱ्याची उरलेली गोळी घेऊ नका.

पण घरातल्या कॅन्सरच्या रोग्याला डॉक्टरांनी मॉर्फिन दिले, तर व्यसनाच्या भीतीने ते लपवूनही ठेवू नका. कळ रोग्याने सांगावी, मात्रा डॉक्टरांनी ठरवावी.