आयाळ आणि शेपटी : घोड्याच्या साजशृंगाराविषयी सुन्नतची शिकवण



या महिन्याच्या अभ्यासासाठी निवडलेली हदीस आपण मिंबरवरून बहुधा ऐकली नसेल. ती घोड्याच्या केसांविषयी आहे. मदरशात ‘दौरा-ए-हदीस’च्या वर्षी आम्ही ती वाचली होती, परंतु त्या वर्षी एकेका दिवसात इतकी पाने उलटावी लागतात की बऱ्याच गोष्टी जिभेवरून जातात आणि मनात उतरत नाहीत. ही हदीसही तशीच निसटली. तिची आठवण मला करून दिली ती एका घोडीने, आणि तीही माझ्या हातून चूक झाल्यानंतर.

चार वर्षांपूर्वी जुम्याच्या नमाजनंतर आमच्या जमातीतील एक तरुण माझ्यापाशी आला. त्याच्याकडे लग्नाच्या वरातीसाठी लागणाऱ्या दोन घोड्या आहेत. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तिथे त्याला एक घोडी न्यायची होती. कोणा जाणत्याने त्याला सांगितले होते की आयाळ मुळापासून उतरवली तर मान भरदार दिसते, आणि शेपूट आखूड केले तर मागचा भाग उठून दिसतो. “मौलानासाहेब, हे जायज आहे का?” असे त्याने विचारले. मी घाईत होतो. केसांना वेदना नसते, कापले तर पुन्हा येतात, असा विचार करून मी म्हणालो, “केसच आहेत, हरकत नाही.”

घोडी त्या वर्षी विकली गेली नाही. पुढच्या श्रावणात मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा ती गोठ्यात बांधलेली होती. माश्यांचे मोहोळ तिच्या पोटाला, जांघेला, डोळ्यांच्या कडांना लगडले होते. शेपटीचा आखूड झुबका ती सारखा हलवत होती; तो पोटापर्यंत पोहोचत नव्हता. भिंतीला अंग घासून घासून तिच्या मांडीवरची कातडी सोलवटली होती. मी काही न बोलता परतलो आणि रात्री ‘सुनन अबू दाऊद’मधील जिहादचे प्रकरण उघडले.

उत्बा बिन अब्द सुलमी (रजि.) यांच्या नावे तिथे जी रिवायत आहे, तिचा आशय असा : घोड्याच्या कपाळावरची बट, आयाळ आणि शेपटी कापण्यास प्रेषितांनी (सल्ल.) मनाई केली, आणि प्रत्येकाचे कारणही सांगितले. शेपटी हे घोड्याचे माश्या वारण्याचे साधन आहे, आयाळ ही त्याची ऊब आहे, आणि कपाळाच्या बटेशी भलाई बांधलेली आहे.

प्रथम सनदेविषयी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. या साखळीत बनू सुलैम कबिल्यातील एक वृद्ध रावी येतो, ज्याचे नाव नोंदलेले नाही. त्यामुळे काही मुहद्दिसांनी तिला कमजोर मानले आहे. इतरांनी ती स्वीकारली आहे. केवळ या एका रिवायतीवर हरामचा निकाल उभारणे मला योग्य वाटत नाही. मात्र तिचा तिसरा भाग, म्हणजे घोड्यांच्या कपाळाशी कयामतपर्यंत भलाई बांधलेली आहे ही गोष्ट, बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत मजबूत सनदीने आलेली आहे. जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांनी तर प्रेषितांना (सल्ल.) आपल्या घोड्याची ती बट बोटाभोवती गुंडाळत हे शब्द उच्चारताना प्रत्यक्ष पाहिले होते. ‘सहीह मुस्लिम’मधील हे चित्र मला फार मोलाचे वाटते. शिकवण तोंडात आहे आणि केस बोटांत आहेत.

आता या रिवायतीतील एका शब्दाकडे पाहा. आयाळीसाठी तिथे जो शब्द योजला आहे, त्याचे मूळ ‘दिफ्अ’, म्हणजे ऊब. सूरह अन-नहलच्या पाचव्या आयतीत हाच शब्द येतो : अल्लाहने जनावरे निर्माण केली, त्यांच्यात तुमच्यासाठी ऊब आहे. लोकरीची वस्त्रे आणि केसांचे तंबू आपण त्यांच्यापासूनच घेतो, आणि तो आपल्याला दिलेला हक्क आहे. परंतु घोड्याच्या आयाळीविषयी बोलताना तोच शब्द उलट दिशेने वळतो. इथे ऊब आपल्यासाठी नाही, खुद्द घोड्यासाठी आहे. मराठी साहित्याचा विद्यार्थी म्हणून शब्दांच्या अशा वळणांपाशी मी रेंगाळतो. वाचकांनी क्षमा करावी. मात्र माझ्या मते या हदीसचे सारे मर्म त्या वळणातच आहे. कोणता केस आपला आणि कोणता त्या जनावराचा, हे इथे ठरते.

याचा अर्थ साजशृंगार निषिद्ध आहे असा मुळीच नाही. त्याच सूरहच्या आठव्या आयतीत घोडे, खेचरे आणि गाढवे ही स्वारीसाठी व शोभेसाठी निर्माण केल्याचे म्हटले आहे. शोभा ही अल्लाहने स्वतः नमूद केलेली गोष्ट आहे. मदीनेत सहल बिन सअद (रजि.) यांच्या कुटुंबाच्या बागेत प्रेषितांचा (सल्ल.) एक घोडा असे; त्याचे नाव ‘लुहैफ’. भाष्यकार सांगतात की त्याची शेपटी इतकी लांब होती की ती जमिनीवर पांघरूण घालत चालली आहे असे वाटे, आणि त्यावरूनच हे नाव पडले. आपल्या घरांत ज्याला ‘लिहाफ’ म्हणतात तोच हा शब्द. आणखी एका रिवायतीत घोड्यांच्या कपाळावरून व पुठ्ठ्यांवरून हात फिरवण्याची आणि गळ्यात पट्टे घालण्याची आज्ञा आहे. फक्त धनुष्याची तात बांधू नये. वाईट नजर लागू नये म्हणून अरब लोक ती बांधत, असे इमाम मालिक (रह.) यांचे मत होते. आयाळीत काळा दोरा गुंफणाऱ्या आणि शेपटीला ताईत लटकवणाऱ्या आपल्या बांधवांनी ही रिवायत एकदा शांतपणे वाचावी.

हजरत सुलेमान (अलै.) यांच्या घोड्यांचा प्रसंग सूरह सादमध्ये आहे. घोडे पुन्हा समोर आणवून त्यांनी त्यांच्या पायांवरून व मानांवरून हात फिरवला. काही भाष्यकारांनी याचा अर्थ त्यांनी घोडे कापले असा घेतला. परंतु इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून आलेला अर्थ असा की ते प्रेमाने घोड्यांच्या आयाळी व पाय कुरवाळू लागले, आणि इमाम तबरी (रह.) यांनी हाच अर्थ पसंत केला. ‘मुवत्ता’मध्ये तर प्रेषितांनी (सल्ल.) आपल्या चादरीने घोड्याचे तोंड पुसल्याचे आले आहे, विचारल्यावर त्यांनी सांगितले की काल रात्री घोड्यांच्या बाबतीत मला बजावण्यात आले. मराठीत घोड्याच्या निगेला ‘खरारा करणे’ म्हणतात आणि ते काम मोतद्दाराचे मानले जाते. इथे मात्र ते काम अल्लाहच्या प्रेषितांनी स्वतःच्या चादरीने केले.

इतिहासात बांधणे आणि कापणे हा भेद स्पष्ट दिसतो. इ. स. १०७१ मध्ये मलाजगिर्दच्या रणांगणावर, शुक्रवारच्या दिवशी, सेल्जुक सुलतान अल्प अर्सलानने पांढरी वस्त्रे परिधान केली, सुगंध लावला आणि आपल्या घोड्याची शेपटी स्वतःच्या हातांनी बांधली. मारला गेलो तर हीच वस्त्रे माझे कफन, असे तो म्हणाल्याचे इब्ने असीर यांनी नोंदवले आहे. युद्धापूर्वी शेपटीला गाठ मारण्याची ही तुर्की रीत होती. युद्ध संपले की गाठ सुटते आणि शेपटी घोड्याला परत मिळते. कापण्याची रीतही त्या काळी अज्ञात नव्हती. टपालासाठी अरबीत ‘बरीद’ हा शब्द आहे. ओळख पटावी म्हणून टपालाच्या खेचरांच्या शेपट्या छाटत, त्यावरून फारसीतील ‘बुरीदा दुम’चे ‘बरीद’ झाले, अशी व्युत्पत्ती जुने कोशकार देतात. आधुनिक अभ्यासक मात्र तो शब्द लॅटिनमधून आल्याचे मानतात.

इंग्लंडमध्ये तर शेपटी छाटणे ही दीर्घकाळ फॅशनच होती. तिथे केवळ केस नव्हे, शेपटीचा दांडाच तोडला जाई, आणि त्या दांड्यात पाठीच्या कण्याचेच मणके असतात. गाडीच्या घोड्याची शेपटी लगामात अडकते, हे कारण सांगितले जाई. परंतु स्वारीचे आणि शोभेचे घोडेही त्यातून सुटले नाहीत. शेपटी उंच राहावी म्हणून तिच्या खालचे स्नायू छेदण्याची क्रियाही चाले. ॲना स्युएलच्या १८७७ मधील ‘ब्लॅक ब्यूटी’ या कादंबरीत सर ऑलिव्हर नावाचा एक म्हातारा घोडा लहानपणी छाटलेल्या शेपटीची आणि वारता न येणाऱ्या माश्यांची कैफियत मांडतो. त्यानंतर तब्बल बहात्तर वर्षांनी, १९४९ साली, ब्रिटनमध्ये या दोन्ही प्रकारांवर कायद्याने बंदी आली. सूरह अन-निसामध्ये सैतानाची जी प्रतिज्ञा आली आहे, की मी माणसांकडून जनावरांचे कान चिरवीन आणि अल्लाहच्या रचनेत बदल करवीन, तिच्या अर्थात हे दांडा तोडणे व स्नायू छेदणे निश्चित येते असे मी मानतो. त्यासाठी मला उत्बा (रजि.) यांच्या रिवायतीचीही गरज भासत नाही.

आजच्या प्रदर्शनांतील रीती इतक्या क्रूर नाहीत, आणि सर्वांना एकाच मापाने मोजणे अन्याय ठरेल. इंग्रजी पद्धतीत आयाळ विरळ करून तिच्या लहान लहान वेण्या घालतात आणि त्या दोऱ्याने शिवतात. वेणी सैल असेल आणि काम झाल्यावर सोडली जात असेल तर त्यात मला दोष दिसत नाही. आवळून रात्रभर ठेवली तर घोडा मान घासू लागतो, आणि त्याचे ते घासणे हेच आपल्या प्रश्नाचे उत्तर समजावे. अरबी जातीच्या घोड्यांच्या प्रदर्शनात मात्र आयाळ आणि शेपटी मोकळी, लांब व नैसर्गिक ठेवण्याचीच परंपरा आहे. कानांमागे लगामाचा पट्टा बसावा एवढी चिंचोळी पट्टी तेवढी कातरतात. जगभरातील प्रेक्षक ज्या मोकळ्या आयाळीसाठी उभे राहतात, ती ठेवायला सांगणारी रिवायत आपल्याच ग्रंथात आहे. नाकपुड्यांभोवतीचे व डोळ्यांभोवतीचे स्पर्शाचे केस कापलेल्या घोड्यांना आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने १ जुलै २०२१ पासून आपल्या स्पर्धांत मनाई केली आहे. त्यामागचे कारणही तेच, तो केस घोड्याच्या उपयोगाचा आहे.

आता आपल्या बाजाराकडे येऊ. शेपटी दाट दिसावी म्हणून तिच्यात परके केस गुंफणे, पांढरे केस काळे करून वय लपवणे, हे प्रकार विक्रीच्या वेळी केले तर प्रश्न केसांचा उरत नाही, खरेदीदाराच्या हक्काचा होतो. उंटीण किंवा शेळी विकण्यापूर्वी तिचे दूध न काढता सड तटतटलेले दाखवण्यास प्रेषितांनी (सल्ल.) मनाई केली. धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतला ओलावा हाताला लागला, तेव्हा फसवणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही असे बजावले. रंगवलेली शेपटी हा त्याच ओल्या धान्यावरचा कोरडा थर आहे. विक्री नसेल, केवळ वरात असेल, तर गोंडे लावा, घुंगरू बांधा, वेणी घाला, संध्याकाळी सोडा. मात्र निव्वळ बडेजावासाठी घोडा बाळगणाऱ्याला तो पापाचे ओझे ठरतो, ही अबू हुरैरा (रजि.) यांची रिवायतही त्या गोंड्यांबरोबर लक्षात असू द्यावी.

मुफ्ती असो वा इमाम, चुकीचे उत्तर दिले असेल तर ते परत घेणे त्याच्यावर बंधनकारक आहे. त्या रात्रीनंतरच्या जुम्याला मी त्या तरुणाला थांबवून सांगितले की मी चुकलो होतो. तो थोडा वेळ गप्प राहिला; मग म्हणाला, “मौलानासाहेब, मला तर घोडीकडे पाहूनच कळलं होतं. तुम्हाला कसं सांगू, म्हणून बोललो नाही.” आम्ही दोघांनी मिळून तिच्या अंगावर घालायला जुन्या धोतराची झूल शिवून घेतली, आणि पावसाळा संपेपर्यंत तो तिच्या गोठ्यात संध्याकाळी कडुलिंबाचा धूर करीत असे.

घोड्याच्या शेपटीचा लांब केस पूर्ववत व्हायला काही वर्षे लागतात. तिची आयाळ आता मानेवर एका बाजूला पडू लागली आहे. शेपटी मागच्या पायाच्या सांध्याखाली उतरली आहे, जमिनीपासून अजून वीतभर वर आहे. गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा ती उन्हात उभी होती आणि पोटावर बसलेली माशी तिने पहिल्याच फटकाऱ्यात उडवली.