कंबरदुखी आणि ‘एम’ पट्टा
साठीनंतर कंबरदुखी हटत नाही, हिमोग्लोबिन घसरते, ईएसआर शंभराच्या घरात जातो. अशा वेळी वेदनाशामक गोळ्या घेत राहू नये. त्या मूत्रपिंडाला बाधतात. रक्ताची प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करावी. तीत ‘एम’ पट्टा दिसला म्हणजे कर्करोगच असे नव्हे. पुढे अस्थिमज्जा तपासावी लागते.

हाडात एकच गाठ व मज्जा निर्दोष असेल तर तो प्लाझ्मासायटोमा. त्यावर मुख्यतः किरणोपचार. मज्जेत प्लाझ्मा पेशी १० टक्के वा अधिक आणि सोबत कॅल्शियमवाढ, मूत्रपिंडदोष, रक्तक्षय किंवा हाडांची झीज असेल तर मल्टिपल मायलोमा. त्यावर बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड, डेक्सामेथासोन. निवडक रुग्णांत मूळपेशी प्रत्यारोपण. रोग बहुधा समूळ जात नाही, पण वर्षानुवर्षे आटोक्यात राहू शकतो. म्हणून पट्टा नाहीसा झाला तरी तपासणी चुकवू नये.