एकच ‘ला’

मनू, काल फोनवर तू म्हणालीस, “ताई, डेन आणि डेम मला या जन्मात कळणार नाही,” आणि मला चुटपुट लागून राहिली. कळेल गं. तू नेमकी कुठे अडखळतेस ते मला ठाऊक आहे, मीही तिथेच अडखळायचे.

शाळेतला विभक्तीचा तक्ता आठव. द्वितीया: स, ला, ते. चतुर्थी: स, ला, ते. दोन्ही ओळी सारख्या, म्हणून आपण एकच पाठ करून मोकळ्या व्हायचो. जर्मनने नेमक्या याच दोन ओळी वेगळ्या ठेवल्यात. पुल्लिंगी ‘डेर’चा द्वितीयेत ‘डेन’ होतो, चतुर्थीत ‘डेम’. आपल्या तोंडी दोन्हीकडे ‘ला’, मग गोंधळ होणारच.

वहीत एक वाक्य लिही आणि आठवडाभर त्यालाच धरून राहा: ‘डी श्वेस्टर गिब्ट डेम मान डेन टे.’ सिस्टर त्या माणसाला चहा देते. (‘श्वेस्टर’ म्हणजे सख्खी बहीणही आणि हॉस्पिटलमधली सिस्टरही. मला हा शब्द फार आवडतो.) देणारी श्वेस्टर, ती कर्ता. ती देते तो चहा, म्हणून ‘डेन टे’. चहा ज्याच्या हातात पोचतो तो ‘डेम मान’. आता तीच सिस्टर त्या माणसाला बघते: ‘डी श्वेस्टर झीट डेन मान.’ मराठीत ‘माणसाला’ जसंच्या तसं राहिलं, पण जर्मनमध्ये डेमचा डेन झाला, कारण आता बघण्याचं कर्म तो माणूसच आहे.

‘डेन टे’ उचलून सुरुवातीला ठेवलास तरी चालतं: ‘डेन टे गिब्ट डी श्वेस्टर डेम मान.’ कोण देतं, कुणाला देतं, ते डेन-डेम सांगतात. साध्या विधानात ‘गिब्ट’ मात्र दुसरी जागा सोडत नाही. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ही सवय लावून घ्यावी लागते. आणि द्वितीयेत ‘डी’ नि ‘डास’ बदलत नाहीत, तेवढं ओझं कमी.

काही क्रियापदं मात्र घोकायचीच. त्याला विचारते: ‘इश फ्रागे डेन मान.’ त्याला उत्तर देते: ‘इश आंटवोर्टे डेम मान.’ मदत करणं, ‘हेल्फेन’, तेही डेमवालं.

एक कळकळीने सांगते, वाक्य इंग्रजीवरून जुळवू नकोस. मी तसंच करायचे. थंडीत कुडकुडत वर्गात ‘इश बिन काल्ट’ म्हणाले, तेव्हा बाईंनी हळूच सांगितलं, याचा अर्थ तू मनाने थंड आहेस असा होतो. ‘मिअर इस्ट काल्ट’ म्हण. मिअर म्हणजे मला. मला थंडी वाजते! ‘डास बूख गेफेल्ट मिअर’, पुस्तक मला आवडतं. इथेही कर्ता पुस्तकच, अगदी आपल्यासारखा. त्या दिवशी ही भाषा मला पहिल्यांदा जवळची वाटली.

भूतकाळात तेवढं जप. ‘मी पोळी खाल्ली, मी आंबे खाल्ले’, आपलं क्रियापद कर्माच्या मागे जातं. जर्मन क्रियापद कर्त्याला सोडत नाही; आंबा एक खा की दहा, ‘इश हाबे’च.

रविवारी फोन करशील तेव्हा श्वेस्टरच्या हातून चहाऐवजी दुसरं काहीतरी देऊन पाच वाक्यं तयार ठेव. चुकली तरी मोठ्याने म्हण, मी ऐकतेय.